उष्णोदक आणि त्याचे सुटे भाग

घरांत कोणी पाहुणा आला म्हणजे आपण त्याला देवघर दाखवितों, गच्चीवरील झाडें दाखवितों, नवें कपाट घेतलें असेल तर तेंहि दाखवितों. परंतु स्नानगृहांतील गीझर कोणी कोणास कौतुकानें दाखविल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. डोक्यापेक्षां हातभर उंच असा तो भिंतीवर टांगलेला असतो, आपण रोज त्याच्याखालीं उभे राहतों, आणि तरी त्याच्या पोटांत काय आहे याची चौकशी करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. तो बिघडला म्हणजेच त्याचें दर्शन घडतें, आणि तें सुद्धां बहुधा मार्गशीर्ष-पौषांतील पहाटे, अंगाला तेल चोळून झाल्यावर.

आमचें कुटुंब एकत्र आहे. माझे थोरले बंधु दादा व वहिनी, आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई, त्यांचा पांच वर्षांचा मुलगा आणि शिक्षणासाठीं राहिलेला एक भाचा, अशीं आठ माणसें पुण्याच्या एका उपनगरांत एका छपराखालीं नांदतात. पहाटे साडेचारास दादांच्या स्नानानें जो प्रारंभ होतो तो साडेनऊस भाच्याच्या स्नानानें संपतो. (भाच्याचें स्नान सर्वांत शेवटीं कां, हें ज्यांच्या घरीं कॉलेजांत जाणारा मुलगा आहे त्यांस सांगावयास नको.) इतक्या माणसांचा भार सोसणाऱ्या यंत्राविषयीं चार शब्द लिहिले तर ते अस्थानीं होणार नाहींत असें वाटतें; विशेषतः गेल्या कांहीं महिन्यांत आमच्या घरांत त्यावरून जें घडलें तें सांगण्यासारखें आहे.

माझें बालपण बंबाच्या काळांतलें. कसबा पेठेंतील तांबट आळींतून जातांना हातोड्यांचा जो नाद कानीं पडे तो ज्यांनीं ऐकला असेल त्यांस बंब कसा जन्माला येई हें ठाऊक असेल. तांब्याचें पोटाळ भांडें, मधून आरपार गेलेली नळी, खालीं जाळी, जाळीवर करवंट्या, ढलप्या किंवा कोळसे. वरच्या नरसाळ्यांतून एक तांब्या थंड पाणी ओतावें कीं चोंचींतून तितकेंच कढत पाणी बाहेर यावें, अशी ती देवघेव होती. बंबाचे दोषहि त्याच्याप्रमाणेंच मोकळ्या स्वभावाचे असत. झाळ सुटली तर भांडें पाझरतांना डोळ्यांस दिसे. जाळी झिजली तर निखारे राखेंत गळून पडत. आंत पाणी नसतांना कोणी विस्तव घातला तर झाळ वितळून त्याची शिक्षा तत्काळ मिळे, आणि बंब पाठीवर घेऊन तांबट आळीची वाट धरावी लागे. मुख्य गोष्ट ही कीं, बंबाचें तोंड उघडें होतें. पाणी कितीहि उकळलें तरी वाफ आपल्या वाटेनें बाहेर पडे आणि स्वयंपाकघरांतून आई ओरडे कीं, अरे, विस्तव ओढा! गीझर हें बंद भांडें आहे. आईच्या ओरडण्याचें काम त्यांत लहान-लहान सुट्या भागांकडे सोंपविलेलें आहे, आणि ते भाग मुके आहेत.

गीझर हा शब्द मुळांत आइसलँडचा. त्या बेटावर गेसिर नांवाचा उष्ण पाण्याचा झरा आहे. उसळून वर येणें या अर्थाच्या तेथील क्रियापदापासून त्याचें नांव पडलें. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन या गृहस्थानें १८६८ सालीं गॅसवर क्षणांत पाणी तापविणारें यंत्र काढलें आणि त्या झऱ्यावरून त्याला गीझर हें नांव दिलें. त्या पहिल्या यंत्राला जळलेला वायु बाहेर नेणारी नळीच नव्हती. आजहि दार-खिडकी लावलेल्या स्नानगृहांत गॅसचा गीझर लावणारीं घरें आहेत, आणि त्यांत उत्पन्न होणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायु रक्तांतील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो; त्याला वास नाहीं, रंग नाहीं. म्हणून आमच्या घरीं २०१५ सालीं विजेवर चालणारा, २५ लिटरचा व २००० वॅटचा गीझर आला. पंचवीस अंशांचें तितकें पाणी साठ अंशांवर न्यावयाचें तर सुमारें एक युनिट वीज व अर्धा तास लागतो. हें गणित मॅट्रिकच्या पुस्तकांतल्या सूत्रानें सुटतें आणि आमच्या गीझरनें तें नऊ वर्षें बिनचूक सोडविलें.

डिसेंबर २०२४ मध्यें तो चुकूं लागला. दिवा दहा मिनिटांत विझावा आणि पाणी मात्र कोमटच असावें, असा प्रकार. दादांनीं कोपऱ्यावरच्या वायरमनास बोलाविलें. त्यानें झांकण उघडलें, "थर्मोस्टॅट गेलाय," असें निदान केलें, बाजारांतून नवा आणून बसविला आणि साडेतीनशें रुपये त्या वस्तूचे व दोनशें आपले घेऊन तो गेला. निदान चूक नव्हतें. औषध चूक होतें.

थर्मोस्टॅट हा गीझरचा द्वारपाल होय, आणि त्याची रचना इतकी साधी व सुंदर आहे कीं ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पितळेची एक बारीक नळी पाण्यांत बुडालेली असते. तिच्या आंत इन्व्हार नांवाच्या मिश्रधातूची कांडी. पितळ तापलें कीं लांबतें. इन्व्हारमध्यें शेंकडा सुमारें ३६ भाग निकेल व बाकीचें लोखंड असतें, आणि तो तापला तरी लांबत नाहीं म्हटलें तरी चालेल. नळी लांबते, कांडी जशीच्या तशी राहते, आणि दोहोंतील केसा-दोन केसांच्या जाडीएवढ्या फरकानें कळ उघडून वीज तुटते. हा इन्व्हार १८९६ सालीं शोधून काढणारे शार्ल एद्वार गियोम यांस १९२० सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे आपण ज्याला बाजारांत "एक थर्मोस्टॅट द्या" म्हणून मागतों त्याच्या पोटांत एवढी विद्या आहे. द्वारपाल झोंपला तर दुसरा पहारा असतो, त्याला कटआउट म्हणतात. पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं तो वीज तोडतो आणि आपण होऊन पुन्हां जोडीत नाहीं. झांकण काढून त्याचें बटण दाबावें लागतें. ही त्याची हट्टी वृत्ति मुद्दाम ठेवलेली आहे, कारण कटआउट सुटला याचा अर्थच असा कीं थर्मोस्टॅटनें आपलें काम केलेलें नाहीं.

नवा थर्मोस्टॅट बसल्यावर दिवा विझेनासाच झाला. नळांतून पाण्याबरोबर वाफ येऊं लागली. साठ अंशांच्या पाण्यानेंसुद्धां कांहीं सेकंदांत कातडी भाजते, लहान मुलाची तर त्याहून लौकर. हें पाणी त्याच्याहि पुढचें होतें. दर दोन-तीन दिवसांनीं कटआउट सुटे. एकदां तो वहिनींच्या स्नानाच्या आधीं सुटला आणि संधिवातानें आंखडलेल्या गुडघ्यांवर त्यांस थंड पाणी घ्यावें लागलें. दादांचा पारा चढला. वायरमन पुन्हां आला आणि त्यानें एका वाक्यांत उपाय सांगितला: "काका, कटआउट काढून डायरेक्ट करून देतो, परत कटकट नाही."

हा "डायरेक्ट" शब्द आमच्याकडील कारागिरांच्या बोलींत फार रूढ आहे. पंप असो, कूलर असो वा गीझर, जो भाग वारंवार वीज तोडतो तो भाग मधून काढावयाचा आणि दोन तारा एकमेकींस जोडावयाच्या, म्हणजे डायरेक्ट. पहारेकरी रात्रीं ओरडून झोंपमोड करतो म्हणून त्याला कामावरून काढून टाकण्यासारखा हा प्रकार आहे. आणि घराला त्या रात्रीपासून शांत झोंप लागते हेंहि खरेंच.

दादांचें म्हणणें मी येथें यथान्याय मांडतों, कारण तें अविचाराचें नव्हतें. ते म्हणाले, "अरे, आपण काय गीझर दिवसभर चालूं ठेवतों? मी घड्याळ लावून बसेन. अर्ध्या तासानें बंद. तुझ्या वहिनीला या वयांत गार पाण्यानें आंघोळ घालावयाची आहे कां तुला?" ज्या माणसानें सत्तर पावसाळ्यांत एकदांहि सकाळचें स्नान चुकविलें नाहीं आणि ज्याचें घड्याळ सबंध आळी आपलें घड्याळ लावण्यासाठीं वापरते, त्यानें असें म्हणावें यांत नवल नाहीं. परंतु घरांत माणसें आठ आहेत आणि दादांसारखीं सर्व नाहींत. भाचा गीझर लावून परत झोंपतो. मी स्वतः वर्तमानपत्रांत गुंतलों म्हणजे मला कशाचें भान राहत नाहीं. आठांतील एकाच्या सावधपणावर उरलेल्या सातांचें आयुष्य टांगून ठेवणें मला पटेना.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. सूनबाई स्वयंपाकघरांत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाबा, काल नळाला ओला हात लागला तर झिणझिण्या आल्यासारखं झालं. आजही झालं." त्यांनीं हें आधीं दादांच्या कानावर घातलें होतें, आणि दादा म्हणाले होते कीं, थंडीनें बोटें बधिर होतात, त्याच्या मुंग्या त्या. सूनबाईंनीं वाद घातला नाहीं. त्या दिवसापासून त्या मुलाला त्या स्नानगृहांत जाऊं देत नव्हत्या. पातेल्यांत पाणी तापवून मोरीवर त्याला न्हाऊं घालीत होत्या, आणि कोणी विचारलें तर "त्याला मोरीवरच आवडतं" असें सांगत होत्या.

आमच्यासारख्या घरांत मोठ्यांचा शब्द मोडावयाचा नाहीं हा संस्कार चांगलाच आहे. मीहि त्याच संस्कारांत वाढलों आणि आजहि दादांपुढें खुर्चीवर पाय वर घेऊन बसत नाहीं. पण ज्या बाईच्या हाताला झिणझिण्या आल्या तिच्या हाताची साक्ष ही त्या हाताचीच साक्ष आहे. ती वयानें लहान म्हणून अग्राह्य ठरत नाहीं. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष हें पहिलें प्रमाण मानतात. शब्दप्रमाण त्याच्या मागून येतें. मी त्याच दुपारीं मुख्य बटण बंद केलें, गीझरची पिन काढून ठेवली आणि दादांस सांगितलें कीं, दुसरा कारागीर येऊन पाहीपर्यंत हा गीझर लागणार नाहीं. डायरेक्ट तर नाहींच नाहीं. दादा दोन दिवस माझ्याशीं बोलले नाहींत. घरांत नऊ दिवस गॅसवर पातेलीं चढत होतीं, आणि वहिनींच्या बादल्या मी व भाचा उचलून नेत होतों. वहिनी मात्र मजेनें म्हणत, "भावजी, बंब मोडींत काढला तेव्हां मी सांगितलं होतं."

दुसरा कारागीर मिळण्यास नऊ दिवस लागले, कारण थंडीच्या दिवसांत सगळ्या शहराचे गीझर एकदमच आजारी पडतात. हा मुलगा मूळचा बीडकडचा, तिशीच्या आंतला, बोलण्यांत मितभाषी. आल्याबरोबर त्यानें गीझरला हात लावला नाहीं. प्रथम भिंतींतील सोळा अँपिअरच्या सॉकेटला टेस्टर व मीटर लावून पाहिलें. मग सॉकेट उघडून आम्हां सर्वांस दाखविलें. अर्थिंगची हिरवी तार स्क्रूपासून सुटून मोकळी लोंबत होती. गीझरांत कोठेंहि वीज गळली तर तिला जमिनींत जाण्याचा जो राजमार्ग असावयाचा तो बंद होता. मग ती नळाच्या वाटेनें, आणि नळाला लागलेल्या हाताच्या वाटेनें जाणार हें उघड आहे. सूनबाई दारांत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

मग त्यानें गीझर रिकामा करून खालीं उतरविला आणि त्याचें पोट उघडलें. नऊ वर्षें आमच्या डोक्यावर असलेली वस्तु मी त्या दिवशीं प्रथम आंतून पाहिली. तळाशीं मूठ-दोन मुठी पांढरट खडे होते. आमच्याकडे महापालिकेचें पाणी अपुरें पडतें म्हणून बोअरचें पाणी मिसळावें लागतें. दख्खनच्या काळ्या कातळांतून येणारें तें पाणी आपल्याबरोबर कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतें. पाणी तापलें कीं त्यांतील विरघळलेल्या क्षाराचें कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, बनतें आणि तें सर्वांत उष्ण जागीं, अर्थात् कॉइलीवर, बसतें. कॉइलीवर असा थर बसला म्हणजे पाणी तापण्यास वेळ लागतो असा लोकांचा समज आहे. खरा प्रकार निराळा आहे. वीज तितकीच जळते आणि उष्णताहि तितकीच निघते. पण थराच्या पांघरुणामुळें ती पाण्यांत जाण्याआधीं कॉइल स्वतः भलतीच तापते, आणि एखादे दिवशीं तिचें आवरण तडकून आंतली तार पाण्याशीं भिडते. आमची कॉइल अजून तडकली नव्हती, पण ती पाकांत बुडवून काढलेल्या शेवेच्या वेटोळ्यासारखी दिसत होती. थर्मोस्टॅटच्या नळीभोंवतींहि तोच थर होता. पहिला थर्मोस्टॅट लौकर वीज तोडीत होता त्याला बहुधा हेंच कारण.

कॉइलीच्या शेजारीं एक लोखंडी काडी दिसली, वाळलेल्या उदबत्तीच्या काडीएवढी. कारागीर म्हणाला, "काका, हा रॉड होता. संपला." मॅग्नेशियमचा हा रॉड टाकींत मरण्यासाठींच बसविलेला असतो. गंज चढावयाचा तो टाकीच्या पोलादावर न चढतां या अधिक चपळ धातूवर चढतो, आणि रॉड झिजत झिजत टाकीला वांचवितो. १८२४ सालीं हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानें आरमारी जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वांचविण्यासाठीं जी युक्ति सुचविली होती तिचाच हा वंशज. हा रॉड एक-दोन वर्षांनीं पाहावयाचा असतो आणि झिजला असल्यास बदलावयाचा असतो. यासंबंधीं नऊ वर्षांत आमच्या घरीं आलेल्या एकाहि कारागिरानें अवाक्षर काढलेलें नव्हतें.

परंतु सर्वांत भयंकर वस्तु गीझरच्या आंत नव्हती, बाहेर होती. थंड पाण्याच्या नळीवर एक लहान पितळी व्हॉल्व्ह असतो; दाब वाढला तर थोडें पाणी बाहेर सोडून टाकणें हें त्याचें काम. त्याच्या तोंडाशीं बोट लावून कारागीर जरा थबकला. "काका, ह्याचं नरडंच आवळलंय की." पाहतों तों त्या तोंडांत एक स्टीलचें बूच पिळून घट्ट बसविलेलें! २०२१ सालीं स्नानगृहाला रंग दिला तेव्हां हा व्हॉल्व्ह टपटपतो आणि रंगावर ओघळ येतो म्हणून एका नळकारागिरास तें थेंबांचें गळणें बंद करण्यास सांगण्यांत आलें होतें, व त्यानें तें आपल्या पद्धतीनें कायमचें बंद केलें होतें. आम्ही उभयतां त्या महिन्यांत कोंकणांत होतों. सांगणारें कोण होतें तें दादांनीं आपण होऊन सांगितलें नाहीं आणि कोणी विचारलेंहि नाहीं.

आतां हें टपटपणें म्हणजे काय तें पाहा. पाणी तापलें कीं फुगतें. पंचवीस अंशांचें पंचवीस लिटर पाणी साठ अंशांवर नेलें तर तें सुमारें साडेतीनशें मिलिलिटर वाढतें, म्हणजे एक मोठा फुलपात्रभर. बंबांत हें वाढलेलें पाणी चोंचीवाटे गळून जाई. बंद टाकींत तें जाणार कोठें? तें व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडतें. तो थेंब हा दोष नव्हे. तो पडत नसेल तर मात्र चौकशी करावी. आमच्या गीझरमध्यें वाट बुजल्यावर पाण्यानें कॉइलीच्या पाटाखालच्या रबरी वायसरमधून वाट काढली होती. तेथून तें झिरपत विजेच्या जोडांवर येत होतें. खालच्या पत्र्यावर गंजाचा लांब ओघळ होता. सूनबाईंच्या झिणझिण्यांची परंपरा ही अशी: आवळलेला व्हॉल्व्ह, फुगलेलें पाणी, दबलेलें वायसर, ओले जोड, आणि सुटलेली हिरवी तार. वायसर कच्चें निघालें म्हणून टाकी तगली. तें पक्कें असतें, कटआउट काढून टाकलेला असता, आणि थर्मोस्टॅट आज निघाला तसाच निघाला असता, तर पाणी दाबाखालीं शंभर अंशांच्याहि वर चढत गेलें असतें. आणि तशा स्थितींत टाकी फाटली म्हणजे त्या पाण्यांतील कांहीं भागाची एका क्षणांत वाफ होते व ती वाफ मूळ पाण्याच्या सोळाशें पटींहून अधिक जागा मागते. कारागिरानें हें दोन वाक्यांत सांगितलें. दादा ऐकत होते. थोड्या वेळानें ते म्हणाले, "तो पहिला वायरमन लबाडच होता." एवढें बोलून ते पूजेस गेले, पण संध्याकाळीं त्यांनीं स्वतःच्या पैशांनीं घरच्या मुख्य पेटीवर तीस मिलिअँपिअरची गळती लागतांच वीज तोडणारा स्विच बसविण्यास सांगितला, आणि तो त्याच आठवड्यांत बसला.

आतां त्या थर्मोस्टॅटकडे वळतों. नवा व जुना असे दोन्ही मीं मेजावर शेजारीं-शेजारीं ठेवून पाहिले. जुन्याची नळी नव्यापेक्षां दोन बोटें लांब. जुन्यावर किती अँपिअर व किती अंश तें कोरलेलें. नव्यावर कांहींच नाहीं. नव्याच्या खोक्यावर एका प्रसिद्ध कंपनीचें नांव होतें असें प्रथमदर्शनीं वाटलें, परंतु शुद्धलेखन तपासण्यांत चाळीस वर्षें गेलेल्या डोळ्यांस त्यांत एक अक्षर जास्त आढळलें. कारागिरानें तो उघडला तेव्हां आंतील दोन टिकल्या, ज्या एकमेकींपासून दूर होऊन वीज तोडावयाची, त्या वितळून एकमेकींस चिकटल्या होत्या. गीझरच्या जवळजवळ नऊ अँपिअरच्या प्रवाहापुढें त्या कच्च्या धातूचा टिकाव लागला नव्हता.

व्याकरण शिकविणाऱ्या माणसास अशा वेळीं पाणिनि आठवावा यांत आश्चर्य नाहीं. एका शब्दाच्या जागीं दुसरा येतो त्यास आदेश म्हणतात, आणि ज्याच्या जागीं तो येतो तो स्थानी. अस् धातूच्या जागीं कांहीं प्रत्ययांपूर्वीं भू येतो. आतां भू हा काय मानावयाचा? पाणिनीचा निर्णय असा कीं आदेश स्थानीसारखाच समजावा. अस् हा धातु होता म्हणून भू हाहि धातु, व धातूस लागणारे प्रत्यय त्यास लागावयाचे. मात्र त्यानें लगेच एक अपवादहि सांगून ठेवला आहे: जेथें कार्य मूळच्या वर्णावरच अवलंबून असेल तेथें ही सवलत नाहीं. आमचे बाजार पहिला भाग तेवढा शिकले आहेत. थर्मोस्टॅटच्या जागीं बसतो तो थर्मोस्टॅट! त्याच्या अंगच्या वर्णांत, म्हणजे पितळेंत, इन्व्हारमध्यें, त्या दोन टिकल्यांच्या धातूंत, काय आहे हें विचारण्याची त्यांस गरज वाटत नाहीं. गीझरवर आयएसआय चिन्ह असलें पाहिजे असा कायदा आहे आणि लोक तें पाहून गीझर घेतात. पण तोच गीझर दुरुस्तीच्या वेळीं आंतून एक-एक भागानें निराळा होत जातो, आणि बाहेरचें चिन्ह तेवढें जुनें राहतें.

मी दुकानांत गेलों. दुकानदारानें पावतीच्या तळाशीं छापलेली ओळ दाखविली: इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाहीं. वायरमननें बसविला, त्याचा दोष असेल, असेंहि तो म्हणाला. मी घरीं येऊन एक पत्र लिहिलें. त्यांत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा उल्लेख केला, सदोष वस्तूबद्दल विकणाऱ्यावरहि जबाबदारी येऊं शकते हें लिहिलें, तक्रार दोन वर्षांच्या आंत आणि आपल्याच जिल्ह्यांत, वकिलावांचून, करतां येते हेंहि लिहिलें. आठव्या दिवशीं दुकानदाराचा निरोप आला: "सर, वाद कशाला, वस्तु आणून द्या आणि साडेतीनशें घेऊन जा."

येथें मी अडलों. पैसे माझे होते आणि ते घेण्यांत गैर कांहींच नव्हतें. पण वस्तु परत दिली म्हणजे तिचें काय होईल? चिकटलेल्या टिकल्या कानशीनें सोडवून, खोकें पुन्हां चिकटवून, ती कोणाच्या तरी स्नानगृहांत, कोणाच्या तरी पांच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर बसेल, अशी शंका मला आली. ती खोटी असेलहि, पण ती आल्यावर वस्तु हातांतून सोडवेना. मी निरोप पाठविला कीं, थर्मोस्टॅट तुमच्यासमोर हातोडीनें ठेचून देतों. उत्तर आलें, ठेचलेला माल चालणार नाहीं. पुढें कंपनीस दाखवावा लागतो. कोणत्या कंपनीस, असें मी विचारलें. त्याचें उत्तर आलें नाहीं. आमच्या सौभाग्यवतींचें मत असें पडलें कीं साडेतीनशें रुपयांसाठीं मी साडेतीन महिने घालविणार. दादांचें मत, आश्चर्याची गोष्ट, माझ्या बाजूनें पडलें.

गीझर पुन्हां भिंतीवर चढला आहे. नवी कॉइल, नवा रॉड, कंपनीच्या अधिकृत केंद्रांतून पावतीसह आणलेला थर्मोस्टॅट, नवें वायसर व नवा व्हॉल्व्ह मिळून मजुरीसह तीन हजार आठशें पन्नास रुपये झाले. हिरवी तार जोडण्याचे त्या मुलानें कांहीं घेतले नाहींत. पाणी पंचावन्न अंशांवर ठेवलें आहे, कारण तें जितकें अधिक तापवावें तितका क्षार अधिक बसतो. व्हॉल्व्हच्या तोंडाला एक पारदर्शक नळी लावून ती खालीं मोरीपर्यंत आणून सोडली आहे, आणि पहाटे पाणी तापूं लागलें कीं तिच्यांतून थेंब पडतात. नातू ते मोजतो. रॉड पाहण्याची पुढील तारीख सूनबाईंनीं भिंतीवरच्या कॅलेंडरांत लिहून ठेवली आहे आणि त्या कामाचा निर्णय यापुढें त्यांचा असें दादांनींच ठरविलें आहे. मीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार नोंदविली. तिचा क्रमांक मिळाला आहे. तो कागद व तो थर्मोस्टॅट एका रिकाम्या बिस्किटांच्या डब्यांत माझ्या कपाटांत आहेत, आणि डब्याच्या झांकणावर, कोणी चुकून वापरायला काढूं नये म्हणून, मीं मोठ्या अक्षरांत "सदोष" असें लिहिलें आहे.